डबा दिला, दूध घेतलं

माहेरी देवपूरला बाळंतपणासाठी गेले. उरलेले दुधाचे डबे कामाच्या मावशींच्या सुनेला दिले. मदत म्हणून! त्या मदतीचं पुढे जे झालं, त्याची ही गोष्ट...

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी एक पुण्याचं काम केलं. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं होतं.

बाळाच्या दुधाच्या पावडरचे दोन सीलबंद डबे, कार्टूनचं चित्र असलेली एक नवीकोरी बाटली आणि चार झबली एका छानशा गिफ्ट बॅगेत भरली आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात दिली. ‘तुमच्या नातवाला’, असं म्हणून वर फोटोही काढला. मावशी संकोचून हसल्या. त्या रात्री मला फार बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगाला आलं ना, उगाच कपाटात पडून एक्स्पायर झालं असतं!

तीन आठवड्यांनी मी तो बाटलीतला पांढरट द्रव पाहिला. तेव्हापासून तो फोटो मला मोबाइलमध्ये बघवत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी

मी हिंजवडीत नोकरी करते. माहेर धुळ्याचं. धुळं म्हणजे पांझरेच्या एका काठाला जुनं गाव आणि दुसऱ्या काठाला आमचं देवपूर. कॉलेजं, क्लासेस, कॉलन्या, नदीकडे एकवीरा देवीचं मंदिर आणि या सगळ्याच्या मधेमधे, कॉलन्यांच्या पाठीला पाठ लावून असलेल्या वस्त्या. आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी त्यातल्याच एका वस्तीत राहतात. पंधरा वर्षं आमच्याकडे येतायत. त्या पंधरा वर्षांत मी त्यांचं घर एकदाही पाहिलं नव्हतं. ते अंतर चालत बारा मिनिटांचं आहे.

मी जानेवारीत बाळंतीण झाले. सिझेरियन. मावशींची सून माझ्याआधी तीन आठवडे. तिला मुलगा, मला मुलगी. दोघींचंही पहिलंच. तिचं नाव लिहीत नाही, तिनेच नको सांगितलंय. ‘मनी गोष्ट लिहा, पण नाव नको,’ म्हणाली.

माझी पहिली रात्र म्हणजे रडारड होती. बाळाचीही आणि माझीही. ऑपरेशनचे टाके, सलाइन, मोबाइलवर अभिनंदनाचे मेसेज आणि कुशीत एक लालबुंद जीव, जो काही केल्या नीट चोखत नव्हता. ‘दूध अजून उतरलं नाही, तोवर डबा आणून ठेवा,’ असं कुणीतरी सांगितलं. बाबा धावत खाली गेले. तीन डबे आले. मी प्रोजेक्ट मॅनेजर, रिलीजच्या आदल्या रात्री सर्व्हर पडला तरी न घाबरणारी, आणि इथे तीन किलोच्या बाळासमोर पार हरले होते.

घरी आल्यावर मावशींनी मला हातात घेतलं. खरंच सांगते, ‘हातात घेतलं’ हाच शब्द बरोबर आहे.

‘तुले धीर नही’

त्या रोज सकाळी सातला यायच्या. आधी बाळाला तेल, मग अंघोळ, मग मला मालीश, शेक, आणि मग आम्हा दोघींना घेऊन बसायच्या. माझं एकच पालुपद चालू असायचं, मावशी, दूधच नाहीये. त्या शांतपणे म्हणायच्या, ‘दूध शे ताई. तुले धीर नही.’ दूध आहे, तुलाच धीर नाही.

मग त्यांनी मला साध्या साध्या गोष्टी शिकवल्या. बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं. त्याचं पोट आपल्या पोटाला लागलं पाहिजे. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. नुसतं बोंड तोंडात देऊन उपयोग नाही, भोवतीचा काळा भागही आत गेला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकली पाहिजे. चौथ्या दिवशी माझी लेक पहिल्यांदा घुटूक घुटूक आवाज करत प्यायली. मला तो आवाज नोकरीच्या पहिल्या ऑफर लेटरपेक्षा जास्त गोड वाटला.

नंतर कळलं, याच गोष्टी आता शास्त्र म्हणून शिकवल्या जातात. आयआयटी मुंबईतल्या डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’चे व्हिडिओ तयार झालेत, मराठीतसुद्धा. बाळाला कसं धरायचं, बाळाने छाती कशी पकडली पाहिजे, हे त्यात एकेक पायरी करून दाखवलंय. आमच्या मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांचं ट्युटोरियल त्यांच्या सासूने दिलेलं.

मावशींचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही हं! त्यांच्या मते पहिलं चिकट, पिवळसर दूध म्हणजे चीक, तो पिळून टाकायचा, बाळाला बाधतो. बाळाला आधी मध चाटवायचा, मग गुटी. उन्हाळ्यात चमचाभर पाणीही दाखवायचं, नाहीतर ‘घसा कोरडा पडतो’. खान्देशात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, त्यामुळे ही भीती आपल्याकडे घरोघरी.

यातला चिकाचा भाग तर मला मोठा विनोदी वाटतो. गाय-म्हैस व्यायली की आपण ओळखीपाळखी काढून चीक मिळवतो, वेलची-जायफळ घालून त्याचा खरवस करतो आणि घरभर वाटतो. आणि आपल्याच पोराच्या वाट्याचा चीक फेकून देतो! खरं तर चिकात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं ठासून भरलेली असतात. बाळाला मिळणारी ती पहिली लस म्हणा ना. प्रमाण थोडं असतं, पण नवजात बाळाचं पोटही तेवढंच चिमुकलं असतं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि पाणी? आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. देवपूरच्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही. तहान लागली तर बाळ जास्त वेळा पितं, बस्स.

यावरून माझे आणि मावशींचे प्रेमळ वाद व्हायचे. शेवटी तह झाला. मध, गुटी आणि पाणी बंद, मालीश आणि शेक चालू. सव्वा महिना पूर्ण होईपर्यंत माझी लेक फक्त माझ्या दुधावर होती. तीनपैकी एक डबा सुरुवातीच्या दिवसांत थोडा वापरून टाकून दिला, दोन तसेच राहिले.

तेच दोन मी गिफ्ट बॅगेत भरले.

बारा मिनिटांचं अंतर

मार्चअखेर मावशी दोन दिवस आल्या नाहीत. फोन लागेना. मी लेकीला आईकडे सोपवलं आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. पत्र्याची खोली, बाहेर पाण्याच्या टाक्या, कारण नळाला रोज पाणी येत नाही. आत पाळण्यात मी दिलेल्या झबल्यात मावशींचा नातू. बारा आठवड्यांचं बाळ, पण झबलं अंगावर लोंबत होतं. माझ्या नऊ आठवड्यांच्या लेकीला तेच झबलं घट्ट व्हायला लागलं होतं.

उशाशी ती कार्टूनची बाटली. आत दूध म्हणावं की पाणी, असा निळसर पांढरा द्रव. सूनबाई म्हणाली, ‘काय करू ताई, दूध पुरसच नही.’ डबा ती किती घालतेस विचारलं, तर म्हणाली, बाटलीला एक चमचा. ती बाटली साधारण १२० मिलिलिटरची. ३० मिलिलिटर पाण्याला सपाट एक चमचा, म्हणजे त्या बाटलीला चार चमचे हवेत. डबा पुरवायचा म्हणून ती चौथ्या हिश्शाने देत होती. बाळाचं पोट पाण्याने भरत होतं. ते रडायचं कमी झालं होतं, म्हणून घरातले खूश होते.

जुलाब दोनदा होऊन गेले होते. म्हणूनच मावशी आल्या नव्हत्या.

आशाताईंना बोलावलं. त्यांनी काट्यावर बाळ ठेवलं. तीन किलो सातशे. जन्माचं वजन दोन किलो सातशे होतं. पहिले तीन महिने बाळ रोज साधारण पंचवीस-तीस ग्रॅम वाढतं. म्हणजे आत्तापर्यंत पाच किलोच्या आसपास जायला हवं होतं.

मी तिथेच कॉटवर बसले. पण खरा धक्का अजून बाकी होता.

ती कामाला का गेली?

‘पण दूध कमी झालं कसं?’ मी विचारलं. पहिला महिना तर बाळ अंगावरच पीत होतं, वजनही बरं होतं.

सूनबाई काही बोलली नाही. मावशी म्हणाल्या, ‘ती कामाले जाये ना.’ कुठे? तर मावशींच्या घरांवर. मावशींची आमच्याशिवाय आणखी चार घरं आहेत. मावशी रोज सकाळी सात ते दुपारपर्यंत कुठे होत्या? माझ्याकडे! माझ्या बाळंतपणात. आईने त्यांना दीड महिना अर्धा दिवस बांधून घेतलं होतं, चांगले पैसे देऊन. ती चार घरं सुटू नयेत म्हणून पाच आठवड्यांची ओली बाळंतीण सून सकाळी सातला घराबाहेर पडायची आणि दीड वाजता परत यायची. तोवर बाळाला शेजारची आजी बघायची. आधी गाईच्या दुधात पाणी, नंतर माझे डबे.

माझं दूध वाढावं म्हणून मावशी माझ्यापाशी बसल्या होत्या. त्यासाठी त्यांच्या सुनेचं दूध आटलं होतं. आणि ‘दूध नाही का? अरेरे!’ म्हणून वरून डबा देणारी मीच.

आता यामागचं साधं गणित. आईचं दूध हे पूर्णपणे ‘ऑन डिमांड’ चालतं. बाळ जितकं ओढतं तितकं शरीर बनवतं. छाती भरलेली राहिली, तास दोन तास नव्हे तर रोज सहा-सहा तास राहिली, की शरीराला निरोप जातो : मागणी कमी आहे, उत्पादन कमी करा. त्यात बाळाचं पोट डब्याने भरलेलं असलं की घरी आल्यावरही ते ओढत नाही. मग आणखी कमी. मग आणखी डबा. पंधरा-वीस दिवसांत आईची खात्री पटते की आपल्याला दूधच नाही. माझे दोन डबे संपले तेव्हा नेमकी ती वेळ आली होती. तिसरा डबा तिने स्वतःच्या पैशाने आणला होता.

डब्याचा हिशोब

मला एक्सेल शीटशिवाय काही पटत नाही, म्हणून घरी येऊन हिशोब मांडला.

तीन महिन्यांच्या बाळाला फक्त डब्यावर ठेवायचं तर दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागतं. म्हणजे पंचवीस चमचे, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर पावडर. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ डबे. एक डबा चारशे रुपयांच्या पुढे. म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या वर.

आणि सूनबाईला त्या चार घरांचे मिळून किती मिळायचे? तीन हजार.

म्हणजे ती नोकरी करत होती ती डब्यासाठी, आणि डबा लागत होता तो नोकरीमुळे. गॅस, स्वच्छ पाणी, बाटली उकळणं, जुलाब झाल्यावर दवाखाना, हे या हिशोबात धरलेलंच नाही. कोणत्याही बाईने असं दिवाळं काढणारं बजेट कधी मनापासून निवडलं नसतं. आपण तिला ते निवडायला लावतो.

कलम ५

माझी मामेबहीण वकील आहे. तिला रात्री फोन करून रडले. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, ‘तुला माहितीये, तू जे केलंस ते कायद्यात बसत नाही?’ मला वाटलं गंमत करतेय. तिने मला कलम वाचून दाखवलं.

अर्भक दुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि अर्भक अन्न यांच्यासंबंधीचा आपल्याकडचा कायदा १९९२ सालचा. १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. या कायद्याने दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही. फुकट सॅम्पल देता येत नाहीत. डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो छापता येत नाही. उलट आईचं दूध बाळासाठी सर्वांत उत्तम, असा इशारा छापावा लागतो. आणि कलम ५ म्हणतं की अनाथाश्रम सोडून इतर कुणालाही असे डबे किंवा बाटल्या दान करायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत. दवाखान्यांमार्फत खरोखर गरजू आईला देण्यासाठी वेगळी वाट आहे, बस्स.

कायद्याचा रोख कंपन्यांवर आहे, पोलीस काही माझ्या दारात येणार नव्हते. पण हे कलम लिहिणाऱ्यांना जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. फुकटचा डबा हा फुकट नसतो. तो संपेपर्यंत अंगावरचं दूध आटतं, आणि मग पुढचा प्रत्येक डबा विकत घ्यावा लागतो.

हे जगाला फार महागात पडून कळलं आहे. १९७४ साली ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेने एक पुस्तिका काढली. गरीब देशांतल्या आयांना दुधाची पावडर कशी विकली जाते, त्या ती कशी पातळ करून आणि अस्वच्छ पाण्यात कालवून देतात आणि बाळं कशी दगावतात, ते त्यात मांडलं होतं. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा मार्केटिंगला लगाम घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका!

आपला महाराष्ट्र यात मागे नव्हता. १९८९ साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध बँक सुरू केली. ज्या अशक्त बाळांना आईचं दूध मिळत नाही, त्यांना पावडरऐवजी दुसऱ्या आईचं, निर्जंतुक केलेलं दूध. स्तनपानासाठी देशभर काम करणारं ‘बीपीएनआय’ हे नेटवर्क डिसेंबर १९९१ मध्ये जन्मलं ते आपल्या वर्ध्यात.

मग तरीही डबा वस्तीत पोचतो कसा? जाहिरात तर बंद आहे! वस्तीतल्या बायका सांगतात तो मार्ग मला ओळखीचा वाटला. ‘मॅडमच्या बाळाला हेच देतात.’ मॅडमचं बाळ गोरंगोमटं, गुबगुबीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघा : सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं ग्रामीण भारतात सुमारे ६५ टक्के, शहरांत सुमारे ६० टक्के. शिकलेल्या, कमावत्या शहरी माणसांचं प्रमाण कमी! कंपनीला होर्डिंग लावायची गरजच काय? आपणच चालती-बोलती होर्डिंग आहोत.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा. देशात ८८ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध मिळतं ते फक्त ४२ टक्क्यांच्या आसपास बाळांना. म्हणजे प्रश्न फक्त अडाणीपणाचा आणि जुन्या समजुतींचा नाही. दवाखान्यात, डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखत पहिला तास निसटतो. माझाही निसटलाच होता की!

मग आम्ही काय केलं?

माझ्या हातात होतं ते एवढंच, जे हिरावलं ते परत करायचं. मावशींना सांगितलं, उद्यापासून आमच्याकडे येऊ नका, तुमची घरं तुम्ही सांभाळा. सुनेला दोन महिने कामावर पाठवायचं नाही, तिचे तीन हजार आम्ही देऊ. आई आधी कुरकुरली. ‘असा पायंडा पडला तर सगळ्याच मागतील.’ मी विचारलं, मला ऑफिसने किती रजा दिली? सव्वीस आठवडे, भरपगारी. २०१७ मध्ये कायदा बदलून बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली, तेव्हा आम्ही मैत्रिणींनी पार्टी केली होती. आणि तिला? प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये, तेही हप्त्यांत. घरकाम करणाऱ्या बाईला भरपगारी रजा देणारं ऑफिसच नाही. तिचं ऑफिस म्हणजे आपलं स्वयंपाकघर. आईने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पर्समधून पैसे काढून दिले.

मावशींना मी सगळं सांगितलं, डब्याचंही. मला वाटलं चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, ‘तुना दोष नही, ताई.’ ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

पुढचं काम आशाताई आणि सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरचं. आशाताई बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बघतात. ही पद्धत देशभर जाण्यामागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी केलेलं घरोघरच्या नवजात बाळसेवेचं काम आहे. आमच्या आशाताई आल्या होत्या, पण सूनबाई कामावर असायची, दारात फक्त शेजारची आजी भेटायची.

सिस्टरनी सगळ्यात आधी बाटली बंद केली. डबा लगेच बंद केला नाही, कारण बाळ अशक्त होतं. पण तो बरोबर मापाने, उकळलेल्या पाण्यात आणि वाटी-चमच्याने. बाटलीचं बूच चोखायची सवय लागली की बाळाला छाती ओढायचा कंटाळा येतो, आणि वाटी धुणं बाटली धुण्यापेक्षा सोपं. प्रत्येक वेळी आधी अंगावर, मग वाटी. दर दोन तासांनी. रात्री तर नक्कीच, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. बाकी वेळ बाळ उघडं, आईच्या छातीशी, वर पदर. आणि आईला पोटभर जेवण.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड निघाली. सूनबाई सकाळी चहा-बिस्किट, दुपारी उरलंसुरलं आणि रात्री सगळ्यांच्या शेवटी जेवायची. मावशी मला अळिवाचे लाडू करून घालत होत्या, माझ्याच घरच्या तुपात. आता लाडूंचा डबा उलट्या दिशेने जायला लागला.

आठ दिवस काहीच फरक दिसला नाही. नवव्या दिवशी मावशींचा फोन आला, पोरगा पिताना घुटूक घुटूक आवाज येतोय म्हणून. तीन आठवड्यांत वजन सहाशे ग्रॅम वाढलं. चित्रपटात असतो तसा शेवट मात्र नाही झाला. बाळ पूर्णपणे अंगावर आलं नाही. संध्याकाळी एकदा वाटीभर वरचं दूध लागायचंच, ते शेवटपर्यंत राहिलं. पण महिन्याचे आठ डबे सोडाच, एक डबाही पुरेनासा झाला नाही, आणि जुलाब पुन्हा झाले नाहीत.

सहा महिन्यांनंतर

उष्टावणानंतर दुसरी परीक्षा सुरू होते, आणि त्यात तर आपण सगळेच नापास. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळतो तो देशात जेमतेम ११ टक्क्यांना. वस्तीत वरचं अन्न म्हणजे डाळीचं पाणी, नाहीतर चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट. कॉलनीत तेच पाकिटातून येतं, एवढाच फरक. डाळीचं पाणी नको, डाळच हवी. घट्ट, चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही अशी. वरून तेल-तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट, अंडं चालत असेल तर अंडं. आणि त्यासोबत दोन वर्षांपर्यंत आईचं दूध. खान्देशात शेंगदाण्याला काय तोटा!

यंदा एकवीरा देवीच्या मंदिरात मावशींच्या नातवाचं जाऊळ झालं. मी लेकीला घेऊन मुद्दाम पुण्याहून आले. टकलू झालेला तो गडी जोरजोरात रडला, आणि सूनबाईने तिथेच पायरीवर बसून त्याला पदराखाली घेतलं. मिनिटात गप्प. मी हातातली पिशवी तिच्यासमोर धरली. तिने आत डोकावण्याआधीच विचारलं,

‘ताई, डबा नही ना?’

डिंकाचे लाडू होते. ती हसली, मग मीही.

ऑफिसच्या फ्रिजवर चिकटवावं असं काही

* उरलेले दुधाचे डबे, बाटल्या कामवाल्या बाईला, वॉचमनच्या घरी देऊ नका. द्यायचंच तर आपली जुनी रीत आहे ना, बाळंतविडा! डिंक, अळीव, खोबरं, तूप, शेंगदाणे आईला द्या.

* घरकाम करणारी बाळंतीण झाली की पगारी रजा द्या. सव्वीस आठवडे जमत नसतील तर जमतील तितके. सोसायटीतल्या चार घरांनी वाटून घेतलं तर कुणालाच जड जात नाही.

* ती कामावर परतली तर बाळाला सोबत आणू द्या. पाजायला पंधरा मिनिटं आणि एक कोपरा, एवढंच लागतं.

* ‘दूध पुरत नाही’ म्हणणाऱ्या आईला डब्याचं नाव सुचवण्याआधी दोन गोष्टी विचारा. बाळ दिवसातून सहा वेळा तरी लंगोट ओले करतं का? वजन वाढतंय का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर दूध पुरतंय.

* उत्तर ‘नाही’ असेल तर मेडिकलच्या दुकानात नाही, आशाताई किंवा डॉक्टरकडे जा. काही आजारांत, आई नसलेल्या बाळाला किंवा काही औषधं चालू असताना डबा खरोखर लागतो. डबा म्हणजे विष नव्हे. पण तो लागेल की नाही हे डॉक्टरने ठरवावं. आणि लागलाच तर माप डब्यावर लिहिलंय तेच, एक चमचाही कमी नाही.